एकोणीस माणसं आली, त्यातली आठ अनोळखी

प्रिय ताई,

मी २७ वर्षांची, घणसोली गावातली, आगरी घरातली. ऐरोलीला एका कंपनीत नोकरी करते. कॉलेजपासून गाणी लिहिते, चाली लावते. काही प्रमाण मराठीत, काही आमच्या बोलीत. सोबत दोन मित्र आहेत, एक गिटार वाजवतो, दुसरा कहोन, म्हणजे पेटीसारखं लाकडी तालवाद्य. गेल्या पावसाळ्यात आमच्या एका गाण्याची रील अचानक चालली. तीन लाखांवर लोकांनी पाहिली, फॉलोअर्स १४ हजार झाले. त्या जोरावर ठाण्यात एका कॅफेत ३०० रुपये तिकीट लावून पहिला कार्यक्रम ठेवला. एकोणीस माणसं आली. त्यातली अकरा घरची नि ऑफिसची. कॉफीच्या मशीनच्या घरघरीत आम्ही गायलो. शेवटी एका काकूंनी एका गाण्याचे शब्द मागितले, टिश्यू पेपरवर नंबर लिहून दिला. तो अजून गिटारच्या बॅगेत आहे, पाठवायचं राहूनच गेलं.

आता एका म्युझिक कंपनीने चार गाण्यांचे मिळून ४० हजार देऊ केलेत, पण हक्क कायमचे त्यांचे. गिटारवाला म्हणतो, अंधेरीला खोली घेऊ, इथे राहून काही होणार नाही. आई म्हणते, हळदीची गाणी कर, आपल्याकडे त्यालाच मागणी. आजी धवलारीण होती, लग्नात धवले म्हणजे विधींची गाणी म्हणणारी, तिला मात्र माझं गाणं आवडतं. चौदा हजारांतून एवढीच माणसं येणार असतील, तर मी गाते कुणासाठी? काय करू?

— घणसोलीची एक गाणारी

प्रिय गाणारी,

तुझं पत्र वाचल्यावर मी पहिल्यांदा एकोणीसमधून अकरा वजा केले. आठ उरले. हे आठ जण तुझ्या नात्यातले नव्हते, तुझ्या ऑफिसातले नव्हते. कुणी रिक्षा करून आलं असेल, कुणी लोकलने. खिशातून ३०० रुपये काढून, ज्या मुलीला कधी पाहिलं नाही तिचं गाणं ऐकायला ते बसले. एवढ्या मोठ्या पत्रात तू त्यांच्यातल्या एका काकूंबद्दल दोन ओळी लिहिल्यास, बाकी सातांबद्दल एक शब्द नाही. सगळं पत्र न आलेल्या चौदा हजारांबद्दल आहे.

तुझं खातं प्रोफेशनल असेल तर इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये शहरांची यादी दिसते. ती उघड. पुणं असेल, नाशिक, कोल्हापूर, नागपूर असेल. ठाणं आणि नवी मुंबई मिळून जो आकडा निघेल, तो तुझ्या हिशेबाचा आकडा. बाकीच्यांवर रागावू नकोस. कोल्हापूरच्या एखाद्या मुलाने एसटीत बसून तुझं गाणं दहा वेळा ऐकलं असेल तर ते ऐकणं खरंच आहे, पण तो शनिवारी संध्याकाळी तुझ्या कॅफेत यायचा नाही. शिवाय ती यादी तुझ्या हातात नाही. २९ जून २०२० ला आपल्याकडे टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा महाराष्ट्रातल्या गावागावांतली कितीतरी गाणारी, नाचणारी मुलं अशी होती की ज्यांना लाखो लोक ओळखत होते, आणि सकाळी उठल्यावर त्यातल्या एकालाही निरोप धाडायची सोय उरली नव्हती. चूक कुणा मुलाची नव्हती. फक्त ऐकणाऱ्यांचे पत्ते त्यांच्याकडे नव्हते.

पत्त्यांवरून तुला आमच्या वहीची गोष्ट सांगते.

माझे वडील आणि त्यांचे चार मित्र नौपाड्यात महिन्याची बैठक चालवायचे. कधी शास्त्रीय, कधी नाट्यगीतं, कधी कुणी नवा मुलगा पेटीवर आपल्याच चाली ऐकवायचा. पुढे दहाएक वर्षं ती मी चालवली. आमच्याकडे एक निळ्या पुठ्ठ्याची वही होती. डावीकडे नाव, मग पत्ता, आणि उजवीकडे एक रुंद रकाना, ज्यावर वडिलांनी लिहिलं होतं, 'काय म्हणाले'. कुणी जाताना म्हणालं, 'भैरवी लवकर घेतली', तर ते तिथे लिहिलं जायचं. कुणी म्हणालं, 'मागच्या रांगेत पंख्याचा आवाज येतो', तर तेही. दर महिन्याला शाळा सुटल्यावर मी पोस्टकार्डं लिहायला बसायची. मजकूर एकच, पण खाली वडील एक ओळ वेगळी सांगायचे, त्या रकान्यात बघून: 'या वेळी पंखा बदलला आहे, अवश्य यावे.' ते गृहस्थ पुढच्या बैठकीला आले, पंख्याकडे बघून हसले आणि त्याच जागी बसले. मग कित्येक वर्षं बसले.

एक वर्ष मात्र आम्ही घालवलं. दुसरा शनिवार ठरलेला होता, पण कलाकारांच्या सोयीने तारखा हलवायला लागलो. कधी तिसरा रविवार, कधी बुधवार. जो हॉल घ्यायचो तिथल्यांनी दोनदा ऐन वेळी लग्नासाठी जागा काढून घेतली. पंचेचाळीस माणसं होती, वर्षभरात बावीसवर आली. कुणी भांडून गेलं नाही. लोकांच्या डोक्यातून फक्त तो शनिवार पुसला गेला. तो परत बसवायला आम्हाला दोन वर्षं लागली.

म्हणून तुला माझं सांगणं हे आहे की सहा महिने 'शो' करू नकोस. बैठक सुरू कर. एकच वार, एकच वेळ, शक्यतो एकच जागा. गावात सगळ्यांना ठाऊक हवं की महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सात वाजता तिथे गाणं असतं. आज कोण गातंय हे नंतर विचारतील.

वार शनिवारच घे. रविवारी बहुधा मेगाब्लॉक असतो, ठाण्याहून निघालेल्या माणसाला घणसोलीला पोचेपर्यंत गाण्याचा मूड राहत नाही. सातला सुरू केलंस तर नऊला संपवता येतं, माणसं घरी जाऊन जेवतात, बायकांना परतायची काळजी राहत नाही. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावायला कायद्याने बंदी आहेच, पण तू त्या वेळेच्या जवळपासही जाऊ नकोस. सोसायटीचा सेक्रेटरी एकदा बिथरला की जागा गेली समज. सुरुवात दिवाळीनंतर कर. गणपती-नवरात्रात साउंडवाले मिळत नाहीत, आणि भर पावसात पहिला महिना सुरू करून माणसं आली नाहीत तर तुझाच धीर सुटेल.

जागा लहान घे. गडकरी रंगायतनचं, वाशीच्या भावे नाट्यगृहाचं स्वप्न असेल तर ते खुशाल राहू दे, मलाही तुला तिथे बघायला आवडेल. आज मात्र तुला चाळीस माणसांची खोली हवी. चाळीसच्या खोलीत तीस माणसं बसली की ती एकमेकांकडे बघतात, एकत्र टाळ्या वाजवतात. तीच तीस माणसं मोठ्या हॉलमध्ये विखरून बसली की प्रत्येकाला वाटतं, आपण चुकून आलो. ग्रंथालयाचं सभागृह, योगवर्गाची खोली, चित्रकलेच्या क्लासची जागा, सोसायटीचं क्लबहाउस, शाळेचा वर्ग, असं काहीही चालेल. कॅफे घ्यायचाच तर आधी मालकाला विचार, गाणं चालू असताना मशीन बंद ठेवाल का? नाही म्हणाला तर चहा पिऊन ये.

मराठी माणसाला ही लहान खोली नवी नाही. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने नाटकं करायला सुरुवात केली. खुर्च्या साध्या, रंगमंच असा धड नाहीच, प्रकाशाची सोय जेमतेम. पण आज जो नट तिथे काम करतोय तो उद्या दुसऱ्याचं नाटक बघायला प्रेक्षकांत बसायचा, आणि बघायला येणाऱ्याला माहीत असायचं की इथे काहीतरी नवं बघायला मिळेल, फसलं तरी चालेल. फसलेलं नाटक पाहूनही पुढच्या वेळी येणारा प्रेक्षक तिथे तयार झाला, आणि आपल्या रंगभूमीची दोन-तीन दशकं त्या प्रेक्षकाने पोसली. तुमच्या गाण्याला ठाणे-नवी मुंबईत नेमका तोच प्रेक्षक नाहीये. मुलं गाणी करतायत, भरपूर करतायत, पण प्रत्येकाचा कार्यक्रम म्हणजे प्रत्येकाचे नातेवाईक.

म्हणून दर महिन्याला एक पाहुणा बोलव. कल्याणचा रॅप करणारा मुलगा असेल, डोंबिवलीची गझल गाणारी असेल, खारघरचा एखादा मेटल वाजवणारा असेल, त्याला म्हणावं, एक दिवस साध्या गिटारवर ये. पाऊण तास तुझा, पाऊण तास त्याचा. त्याच्यासोबत त्याची दहा माणसं येतील. त्यातल्या दोघांना तू आवडशील. त्याहून महत्त्वाचं, तू त्याच्या कार्यक्रमाला जा. समोर बस. फोन बाहेर काढू नकोस. आमच्या बैठकीत एक गायक होते, ते स्वतःचं गाणं झालं की दुसऱ्याच्या गाण्याला कधी थांबत नसत. गळा फार गोड होता. पण त्यांच्या पडत्या काळात त्यांच्यासाठी फोन फिरवणारं कुणी निघालं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

तिकीट ठेव. फुकट ठेवू नकोस. फुकटाचं आमंत्रण घेतलेला माणूस पाऊस आला की घरी बसतो, आणि त्यात त्याचा काही दोषही नाही. पण ३०० जास्त आहेत, २०० कर, विद्यार्थ्यांना १००. हिशेब असा बसेल: तीस माणसांचे साधारण साडेपाच हजार. जागेचे दीड हजार, स्पीकर-मिक्सरच्या भाड्याचे दीड हजार, चहा-बिस्किटांचे पाचशे. उरले दोन हजार. त्यातले हजार पाहुण्याला, पाकिटात घालून, दोन्ही हातांनी. हजारात तुम्ही तिघं. हे पैसे फार कमी आहेत, मला माहीत आहे. नोकरी सोडू नकोस असं म्हणूनच सांगते. ऐरोलीचा पगार ही तुझ्या गाण्याची पहिली देणगीदार संस्था आहे. तिच्या जिवावर तुला नको त्या सुपारीला, म्हणजे कार्यक्रमाच्या बोलावण्याला, नाही म्हणता येतं.

आवाजाबद्दल एक गोष्ट जवळून सांगते, कारण माणसं परत न येण्याचं निम्मं कारण तिथे असतं आणि गाणाऱ्यांना ते कळतच नाही. गेल्या हिवाळ्यात नेरुळच्या एका क्लबहाउसमध्ये मी अशाच एका मुलांच्या कार्यक्रमाला गेले होते. गुळगुळीत लाद्या, एका बाजूला काच, खाली छत. मुलांनी लग्नाला लावतात तसे दोन मोठे स्पीकर उभे केले होते. पहिल्या गाण्यात गिटार काचेवरून उलटी येत होती, शब्द एकही कळेना. आवाज वाढवला की माईक शिट्टी मारायचा. तिसऱ्या गाण्याला पुढच्या रांगेतले एक आजोबा कानावर हात ठेवून बसले. मग वीज गेली. मुलं गडबडली, आणि त्यांच्यातली एक मुलगी पुढे येऊन, माईक नाही काही नाही, तशीच गायला लागली. कुणीतरी मोबाइलचा टॉर्च लावला. लोकांनी आपापल्या प्लास्टिकच्या खुर्च्या उचलून, आवाज न करता, तिच्याभोवती पुढे आणल्या. त्या सात-आठ मिनिटांत पहिल्यांदा मला त्यांच्या गाण्याचे शब्द कळले. फार चांगले शब्द होते. वीज आल्यावर त्यांनी पुन्हा सगळं होतं तसं सुरू केलं!

तेव्हा लहान खोलीत एकच स्पीकर पुरे, तुमच्या पाठीमागे नव्हे, पुढे. काचेवर आणि भिंतीवर जाड चादरी, सतरंज्या लाव. माणसांना खाली बसव, माणसंच आवाज पितात. स्वतःचा एक बरा माईक विकत घे, भाड्याच्या माईकवर आज एक आवाज, उद्या दुसरा. तासभर आधी जाऊन मागच्या रांगेत स्वतः बस आणि मित्राला गाऊ दे. शब्द कळले तरच पुढे जा. तू शब्द लिहिणारी आहेस, तुझ्या गाण्यात ते ऐकूच आले नाहीत तर माणूस ऐकायला येईल कशासाठी?

आता आईचं बोलणं. ते उडवून लावू नकोस. उरण-पनवेलपासून भिवंडीपर्यंत आगरी-कोळी गाण्यांचं केवढं मोठं जग आहे, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. कॅसेटच्या काळापासून ते यूट्यूबपर्यंत, ते निव्वळ कुठल्या बड्या कंपनीच्या मेहेरबानीवर उभं राहिलं नाही. हळदीला बोलावणारी घरं, बँजोवाले, गावोगावचे मांडव यांनी ते उभं केलं. गाण्याच्या शेवटी गायकाचा फोन नंबर असतो, सुपारी सरळ त्याला येते, आणि एका मांडवात गायला की पुढच्या तीन मांडवांची आमंत्रणं तिथेच जेवणाच्या पंगतीत मिळतात. अंधेरीत बसून 'इंडिपेंडंट' म्हणवणाऱ्यांना जे जमत नाही, ते तुझ्या गावातली मुलं बिनबोभाट करतायत. त्यांना कमी लेखू नकोस, त्यांच्याकडे जाऊन शीक: पैसे आगाऊ किती घेतात, साउंडवाल्याशी कसं बोलतात, गर्दी थंड असेल तर पहिलं गाणं कुठलं काढतात.

पण म्हणून हळदीची गाणी तू करावीस असं मी म्हणणार नाही. मनात नसताना केलेलं हळदीचं गाणं मांडवातल्या बायका पहिल्या ओळीला ओळखतात. तुझी वाट आजीकडून जाते असं मला वाटतं. धवलारीण म्हणजे नुसती गाणारी नव्हे. लग्नाचे विधी तिच्या गाण्यावर चालत, ती म्हणेल तेव्हा पुढचा विधी. स्पीकर नाही, पोस्टर नाही, आणि तरी ती नसेल तर लग्न अडायचं. आजीकडे बसून तिला आठवतात तेवढे धवले फोनवर रेकॉर्ड कर, घाई न करता, एका बैठकीत दोन-तीनच. तिला विचार की कुठला धवला कधी म्हणायचा, कुणाकडून शिकली. हे तुझ्या गाण्यात 'वापरायला' म्हणून करू नकोस, आधी नुसतं ठेवण्यासाठी कर. पुढे एखादी चाल तुझ्या गाण्यात आलीच, तर आजीचं नाव श्रेयात छापून घाल. आणि सहामधली एक बैठक गावात घे. देवळाच्या सभामंडपात, आजीला पुढे बसवून. तिथे २०० रुपये कुणी देणार नाही, मागूही नकोस. तिथे गावातल्या बायकांनी तुझी बोलीतली गाणी ऐकावीत आणि कुठे शब्द चुकला ते तोंडावर सांगावं.

कराराचं थोडं सावकाश वाच, कारण यात एकदा सही झाली की माझा सल्ला कामाचा नाही.

एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक शब्द आणि चाल, ती तुझी. दुसरी त्या गाण्याचं ध्वनिमुद्रण, ते ज्याने पैसे घालून केलं त्याचं. तुम्ही स्वतः रेकॉर्ड केलं असेल तर तेही तुमचंच. '४० हजार, सगळे हक्क कायमचे' याचा अर्थ दोन्ही एकदम विकणं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारात लिहूनसुद्धा काढून घेता येत नाही. तो वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच, म्हणजे रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेलाच, देता येतो. 'रॉयल्टीचा हक्क सोडत आहे' असं वाक्य तुझ्या कागदात असेल, तर ते टाकणाऱ्याला एक तर कायदा माहीत नाही, किंवा तुला माहीत नसावा अशी त्याची इच्छा आहे. करारात मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, म्हणूनच ते 'कायमचे' हा शब्द आवर्जून घालतात. त्यांना लेखी विचार: मुदत किती वर्षं? फक्त ध्वनिमुद्रण देऊन शब्द-चाल माझ्याकडे राहील का? मी हीच गाणी मंचावर गाऊ शकते ना? वर्षभरात गाणं काढलं नाहीत तर ते परत मिळेल का? उत्तरं आली की वकिलाला दाखव. दोन-तीन हजार फी जाईल, जाऊ दे. 'कायमचे' हा शब्द निघाला नाही तर सही करू नकोस. चार गाणी म्हणजे तुझी पाचेक वर्षं आहेत, आणि ४० हजार भागिले चार केलेस की दहा हजारात एक गाणं गेलेलं असेल.

गाणी स्वतःच्या नावाने सगळ्या ॲप्सवर टाकायला आता कंपनी लागत नाही, डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे ॲप्सपर्यंत गाणी पोचवणारी सेवा, थोडक्या पैशांत टाकते. गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएस या कॉपीराइट सोसायटीचं सभासदत्व घे. पण ॲप्सकडून घर चालेल अशी आशा ठेवू नकोस. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखादं गाणं बारा महिन्यांत हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याचे पैसेच मिळत नाहीत. गाणं तिथे असू दे, ज्याला परत ऐकावंसं वाटेल त्याला सापडावं एवढ्यासाठी.

अंधेरीची खोली नको. स्टुडिओत काम असेल तर जा, शिक, रात्री परत ये. मुंबईत जागा येतात आणि जातात. धोबी तलावजवळच्या रंगभवनात १९८६ मध्ये 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक संगीताचा महोत्सव सुरू झाला, आणि पुढे शांतता क्षेत्राच्या नियमाने ते रंगभवनच गप्प झालं. लोअर परळचा 'ब्लू फ्रॉग' हा संगीताचा क्लब २००७ मध्ये उघडला, २०१६ मध्ये बंद झाला. त्या जागांनी पुष्कळ कलाकार उभे केले. जागा गेल्यावर टिकले ते ज्यांची माणसं त्यांच्यासोबत दुसरीकडे चालत गेली. जानेवारी २०२५ मध्ये 'कोल्डप्ले' हा ब्रिटिश बँड नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये वाजवून गेला, तेव्हा त्यातली बरीच गर्दी तुझ्याच लोकल गाड्यांतून आली होती. गाण्यासाठी प्रवास करणारी माणसं तुझ्याच लाइनीवर उतरतात, त्यासाठी तुला अंधेरीत भाडं भरायची गरज नाही. गिटारवाल्याला मात्र हे तोडून सांगू नकोस. त्याला भीती वाटतेय की वय निघून जाईल. ती भीती खरी आहे. त्याला सहा महिने माग, आणि बैठकीची एखादी जबाबदारी पूर्ण त्याच्यावर सोपव, आवाजाचीच सोपव.

वही घाल. कागदाची. दारात एक जण वही घेऊन बसेल: नाव, फोन, कुठून आलात. घरी जाऊन त्याच रात्री उजव्या रकान्यात 'काय म्हणाले' ते लिही, सकाळपर्यंत विसरशील. व्हॉट्सॲपवर ग्रुप नको, सुप्रभातच्या फुलांत तुझी तारीख हरवेल. ब्रॉडकास्ट लिस्ट कर. तिच्यात २५६ नंबर मावतात, तुला बराच काळ पुरतील. पण ज्याने तुझा नंबर सेव्ह केला असेल त्यालाच तो निरोप पोचतो, म्हणून दारातच म्हणायचं, 'माझा नंबर सेव्ह कराल का, पुढची तारीख कळवते.' महिन्यात दोनच निरोप. आणि सहाव्या बैठकीनंतर वही उघडून एकच गोष्ट मोज: तीन किंवा जास्त वेळा आलेली, तुझ्या नात्यातली नसलेली माणसं किती? पंधरा निघाली तर तुझ्याकडे श्रोता आहे, पुढची सहा बिनघोर कर. पाचच निघाली तर मला पुन्हा लिही, आणि वहीतला उजवा रकाना उतरवून पाठव, उत्तर त्यात असेल.

कुणासाठी गाते, असं तू विचारलंस. मला तरी त्या आठांतली एक बाई दिसते आहे. तिने तुझं सगळं गाणं ऐकून घेतलं, मशीनच्या आवाजातून शब्द वेचले, तिला ते पुरले नाहीत, पर्समधून पेन काढून तिने टिश्यूवर नंबर लिहिला, आणि घरी जाऊन काही दिवस तरी फोन बघितला असेल.

गिटारची बॅग उघड. नंबर अजून वाचता येत असेल तर ते शब्द आज हाताने, चांगल्या अक्षरात कागदावर लिही, त्याचा फोटो काढून पाठव. उशीर झाला म्हणून माफी माग, कारणं सांगू नकोस. खाली लिही की दुसऱ्या शनिवारी सात वाजता आम्ही गाणार आहोत, जागा ठरली की कळवते. आणि वहीच्या पहिल्या पानावर पहिलं नाव त्यांचं घाल.

— तुझी ताई